सहा ओव्हर राहिल्यात

१६ नोव्हेंबर
पहिली कसोटी, तिसरा दिवस, लंच

बारके,

टॉस जिंकून आधी बॅटिंग घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय असतं, ते एकदा उघडून बघायला हवं. आभाळ भरलेलं, पिचवर गवत, हवा अशी की बॉल आपण होऊन वळेल. आणि आपला कॅप्टन हसत हसत सांगतो, आम्ही फलंदाजी करू. करा मग. पाऊण तासात सव्वीस रन आणि चार विकेट. त्यानंतरही हसतच होता तो, त्याच्या चेहऱ्याची ठेवणच तशी असेल तर गोष्ट वेगळी.

ओपनरबद्दल तर बोलायलाच नको. डावखुरा आहे, दिसायला देखणा खेळतो, सगळं मान्य. पण ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल दिसला की त्याचे हात शिवशिवतात. गेली दोन वर्षं एकाच जागी कॅच देतोय. दुसऱ्या स्लिपमधला माणूस आता त्याला घरचाच समजत असेल. तू म्हणशील, पण ताई, त्याचा कव्हर ड्राइव्ह बघ. बघितला. कव्हर ड्राइव्ह घेऊन काय चाटायचाय, तो चौदावर आउट झाला.

आणि लेगस्पिनर बाहेर बसवलाय. गोलू म्हणते मी त्याला, अंगानं गोलमटोल आहे म्हणून. पोट सुटलंय हे काय कारण झालं? बॉल काय पोटानं टाकतात?

काल सुट्टी होती, म्हणून सकाळपासून घरच्या टीव्हीवर एकेक बॉल पाहिला. आज दुकानात आहे. जेवणाचा डबा संपवून, चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनशेजारी बसून हे लिहितेय.

आता तुला प्रश्न पडेल की ही बया तीन वर्षांनी एकदम पत्र कशी लिहायला लागली. एक कारण असं, की माझ्याशी भांडायला कोणी उरलेलं नाही. दुकानाच्या मालकांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. ते दर अर्ध्या तासानं 'किती झाले?' एवढं विचारतात आणि मी काहीही आकडा सांगितला तरी 'अरे वा' म्हणतात. परवा मी त्यांना 'नऊ बाद' म्हणाले, तरी 'अरे वा'.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, तेवढं मला इकडे दिसतं, आणि मग मी त्या दोन खुणांकडे बघत बसते. पत्राचं त्या मानानं बरं. तू न वाचता फाडलंस तरी मला कळणार नाही.

दुसरं कारण आत्या. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीतच आहे. तिचा फोन आला, स्वतःच्या गुडघ्यापासून सुरुवात करून ती तुझ्या गळ्यापर्यंत आली. 'तुला तिनं कळवलं असेलच म्हणा,' असं म्हणाली. हे वाक्य ती तेव्हाच म्हणते, जेव्हा तिला खात्री असते की कळवलेलं नाही. गाठ थायरॉइडची आहे, साधी आहे, पण काढावी लागेल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आवाज बसू शकतो असंही डॉक्टर म्हणाले म्हणे. शाळेत शिकवणाऱ्या बाईला हे असं सहज सांगतात का?

बारके, मी येऊ का? माझी पंधरा दिवसांची रजा पडून आहे. तू माझ्याशी बोलू नकोस. मी चहा करीन, औषधं देईन, घर आवरीन आणि गप्प बसेन. मी गप्प बसेन यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण प्रयत्न करीन.

लंच संपला. बघते आता किती वेळ तग धरतात.

ताई

२९ नोव्हेंबर
दुसरी कसोटी जिंकलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी

बारके,

बघितलंस? गोलूला घेतलं आणि सात विकेट. तो बॉल हातातून सोडताना जीभ बाहेर काढतो, तू लक्ष दिलंस का? पाहुण्यांच्या कॅप्टनला टाकलेला तो बॉल मी मालकांना चार वेळा समजावून सांगितला. पेन्सिलीनं काचेवर रेघ ओढून दाखवली. शेवटी ते म्हणाले, 'म्हणजे बॉल खराब होता का?'

मात्र विकेटकीपर काकांनी आता घरी बसावं. दोन सोपे कॅच सोडले. दुसरा सोडल्यावर त्यांनी ग्लोव्हज काढून हाताकडे असं पाहिलं, जणू हात कोणा दुसऱ्याचा होता. शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. पण घरी बसावं, हे माझं मत कायम आहे.

परवा दुकानात एक घोळ झाला. डावखुरा अर्धशतकाला दोन कमी असताना पुन्हा तिथेच कॅच देऊन गेला, आणि त्या संतापात मी एका गिऱ्हाईकाची डावी काच उजवीकडे बसवली. बिचारा चष्मा घालून दारापर्यंत गेला, पायरी चुकला आणि परत येऊन म्हणाला, नंबर वाढला वाटतं. मालक त्याला नव्यानं तपासायला बसवत होते. मी चष्मा ओढून घेतला आणि खरं सांगितलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं.

तुझं उत्तर नाही. नसू दे.

काल मला तो नळवाला आठवला. किती हसलो होतो आपण. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो पाना घेऊन दारात आला, आणि त्याच क्षणी नव्या जोडीनं खेळायला सुरुवात केली. बाबांनी हात वर केला आणि सांगितलं, आहेस तिथेच थांब, बैठक मोडायची नाही. त्याला काय कळणार बैठक म्हणजे काय. तू जमिनीवरून त्याला समजावलंस: आमच्याकडे जोडी जमली की जो जिथे असेल तिथेच राहतो, हलला की विकेट पडते. तो बापडा चाळीस मिनिटं उंबरठ्यावर उभा. आत नळ गळतोय, दूध उतू गेल्याचा वास येतोय, आणि आपण तिघं चिडीचूप. शेवटी त्यालाच मॅचचा रंग चढला. पुढे तो सगळ्यांना सांगत फिरला की त्या तिघांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

बाहेरच्या कोणाला सांगितलं तर हसतील, पण आपण दोघी वाढलोच त्यात. शाळेत जायला उशीर झाला तर बाबा चिठ्ठी द्यायचे, 'घरगुती कारणामुळे'. आईला जाऊन इतकी वर्षं झाली होती, आणि तरी घरात एक गोष्ट अशी होती जी तिघांनी मिळून सांभाळायची असायची. म्हणून मला ती आवडायची. हे मी तुला कधी बोलले नव्हते.

पुढचं नाही लिहीत आज. जिंकलोय, तर जिंकल्यासारखं पत्र जाऊ दे.

येऊ का, ते सांग. 'नको' असं लिहिलंस तरी चालेल, निदान तुझं अक्षर तरी बघायला मिळेल.

ताई

१० डिसेंबर
तिसरी कसोटी, अनिर्णित

बारके,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. घरचा टीव्ही मी त्या दिवसानंतर लावलेलाच नाही. सुट्टीच्या दिवशीही दुकानात जाते, मालकांना सांगते की काम साठलंय. तिथे भिंतीवर टीव्ही आहे, गिऱ्हाइकांसाठी. मी उभ्यानंच बघते. स्टूल आहे, पण त्यावर बसत नाही.

आज काय झालं ते तू पाहिलं असशील. नऊ बाद, शेवटची जोडी, नऊ ओव्हर काढायच्या. एका बाजूला लंबू, आपला तो ताडमाड फास्ट बॉलर, ज्याला बॅट कुठल्या टोकानं धरायची तेही आठवावं लागतं, आणि दुसऱ्या बाजूला गोलू. पहिली ओव्हर कशीबशी पाहिली. मी आतल्या खोलीत गेले, मशीन चालू केलं आणि काही काम नसताना एक जुनी काच घासत बसले, कारण त्या आवाजात बाहेरचं ऐकू येत नाही. मालक आत येऊन म्हणाले, संपली, कोणीच जिंकलं नाही. ती काच घासून घासून बटणाएवढी झाली होती.

बाबांच्या त्या दिवसाचं तुला सगळं माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी लिहिते, कारण मी हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आत्यालाही 'अचानक झालं' एवढंच ठाऊक आहे.

त्या दिवशीही नऊच बाद होते. बाबा वेताच्या खुर्चीत, मी पलंगाच्या कडेवर, तू कपाटाला टेकून जमिनीवर. बाबा म्हणाले, छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय. अगदी हळू म्हणाले. तू उठलीस. पुरती नाही, अर्धी, एक हात कपाटाला लावून. आणि मी टीव्हीवरची नजरही न काढता म्हणाले, 'बस खाली, सहा ओव्हर राहिल्यात.'

बाबांनीही हसून तुला हातानं बस अशी खूण केली. पण ते करणारच होते. मोठी मी होते, मी वळून त्यांच्याकडे बघायला हवं होतं.

सहा ओव्हर म्हणजे छत्तीस बॉल. मला प्रत्येक बॉल पाठ आहे. कोणता पॅडवर लागला, कोणता बॅटची कड घेऊन जमिनीवर पडला. पंचवीस-सव्वीस मिनिटं. मॅच वाचली, मी टाळ्या वाजवत उठले, तू उठलीस, बाबा उठले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला? मी म्हणाले, 'आत्ताच.' तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. दोन तासांनी सगळं संपलं. त्यानंतर बारा दिवस तू घरात होतीस आणि माझ्याशी कामापुरतं बोललीस. मग बॅग भरून गेलीस. ती नजर मी तीन वर्षं सोबत घेऊन फिरतेय. तुझं काही चुकलं नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही गेले असते.

मी माफी मागत नाही. ती मागून तुझ्यावर ओझं टाकल्यासारखं होईल. पण तुझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे आणि आवाज बसू शकतो म्हणतात. तर त्याआधी एकदा फोन करून मला चार शिव्या देऊन घे. मनात ठेवू नकोस. मी एक शब्द उलटून बोलणार नाही.

आणि मग मला येऊ दे.

ताई

२८ डिसेंबर

बारके,

तुझं पत्र मिळालं. चौथी कसोटी आपण जिंकली, दोन-एक झालं, डावखुऱ्यानं एकदाचं शतक काढलं. हे सगळं लिहायचं म्हणून कागद घेऊन बसले होते, तेवढ्यात पोस्टमन आला.

तुझं पत्र एकच पान आहे. मी ते इतक्यांदा वाचलंय की आता न बघता लिहू शकते. लिहूनच बघते, म्हणजे तरी ते खरं वाटेल.

'ताई, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं ते तू खोटं बोललीस म्हणून नाही. खरं मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही म्हणून. बाबांना सकाळपासून त्रास होत होता. लंचला मी पाणी प्यायला आत गेले, तर ते ओट्याला टेकून डावा हात चोळत होते. म्हणाले, ताईला बोलू नकोस, ती लगेच टीव्ही बंद करून मला दवाखान्यात घेऊन जाईल. मी बोलले नाही. मलाही मॅच बघायची होती. तुझ्या सहा ओव्हर, माझे चार तास. तू स्वतःला दोष देत होतीस ते मला दिसत होतं, आणि मी तो तुला देऊ दिला. तुझा फोन आला की वाटायचं, तू माफी मागशील आणि मला ती घ्यावी लागेल. म्हणून उचलला नाही. आता येऊ नकोस असं म्हणत नाही. ये असंही म्हणवत नाही. हे वाचून तूच ठरव.'

तूच ठरव म्हणे.

खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते: मला तुझा राग आलाय. चार तास, बारके. चार तासांत मी बाबांना चालत दवाखान्यात नेलं असतं. आणि तीन वर्षं. या तीन वर्षांत मी एकदाही त्या खुर्चीवरची धूळ झटकायला हात पुढे करू शकले नाही. तुला एक फोन करता आला असता. एक ओळ लिहिता आली असती.

बाबांचाही राग आलाय. त्यांचा तर इतका, की आज मालकांनी 'किती झाले?' विचारलं तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले. कसोटी चालू नाही याची त्या बापड्यांना कल्पना नव्हती.

आज मला काही ठरवता येत नाही.

ताई

३ जानेवारी

बारके,

पाच तारखेला सकाळच्या बसनं निघतेय. दुपारी दोनपर्यंत पोचेन. राग अजून आहे, तोही बरोबर आणतेय. त्याशिवाय दोन पिशव्या आहेत. स्टँडवर येऊ नकोस, धुळीत उभी राहशील. पत्ता आत्यानं दिलाय, खुणांसकट. तिच्या खुणांनी मी चुकले तर संध्याकाळ होईल.

पाचव्या कसोटीत आज टॉस हरलो. बरं झालं, नाहीतर पुन्हा बॅटिंग घेतली असती.

ताई

७ जानेवारी
तुझ्या खाटेशेजारी, सकाळचे अकरा

बारके,

तू झोपली आहेस. तोंड थोडं उघडं आहे, लहानपणी असायचं तसंच. गळ्याला पट्टी आहे, आणि तिच्या कडेला औषधाचा पिवळा डाग. डॉक्टर सकाळी येऊन गेले. गाठ साधीच निघाली. आवाजाची नस शाबूत आहे, फक्त दोन दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं ते म्हणाले. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, बाई, तुम्ही त्यांच्या आई का? मी म्हणाले, नाही, पण तसंच.

तू हाताच्या अंतरावर आहेस आणि मी पत्र लिहितेय. पण तोंडानं सांगायला गेले तर मी रडेन, मग तू समजूत घालायला बोलशील आणि सिस्टर मला बाहेर काढतील. शिवाय आपल्याला समोरासमोर बोलायची सवयच राहिलेली नाही. परवा तू दार उघडलंस, आणि तीन वर्षांनी मी काय म्हणाले? 'केस कधी कापलेस?' तू म्हणालीस, 'झाले सहा महिने.' मग टॉवेल कुठे आहे, पाणी कधी येतं, फाइल घेतलीस का. रात्री तू मला स्वतःची गादी दिलीस आणि आपण दोघी छताकडे बघत पडलो. काल फॉर्मवर नातं लिहायच्या जागी मी 'बहीण' लिहिलं, तेव्हा तू माझ्या खांद्यावरून वाकून वाचलंस. ते मला कळलं.

मॅच चालू आहे, खाली लॉबीत टीव्ही आहे. मी गेले नाही. सिस्टरांना क्रिकेट कळत नाही, पण मी विचारलं म्हणून त्या दर फेरीला वर येताना स्कोअर आणतात. मघाशी म्हणाल्या, सात गेले. कोणाचे ते विसरल्या. आपलेच असणार. चौथ्या डावात अडीचशे करायचे आणि पहिल्या ओव्हरपासून मारायला निघायचं, याला धाडस नाही, आळस म्हणतात. कॅप्टनला अजून हसू येत असेल.

आता मुख्य गोष्ट.

बाबा तुला म्हणाले, ताई लगेच टीव्ही बंद करेल. बसमध्ये सहा तास मी तेच वाक्य घोळवत आले. खरं सांगू? राग खूप आला होता, पण त्या रागाच्या खाली मला ते वाक्य गोड लागत होतं. म्हणजे बाबांना मी तशी वाटत होते. म्हणजे मला कळलं असतं तर मी मॅचचा विचार केला नसता, चूक माझी नव्हती, माझ्यापासून लपवलं गेलं होतं. अर्ध्या वाटेपर्यंत मी निर्दोष होते. इतकं हलकं मला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

मग एका थांब्यावर बस उभी राहिली, आणि मला बाबांचं ताट आठवलं.

त्या दिवशी दुपारी त्यांचं ताट मीच उचललं होतं. अर्ध्याहून जास्त तसंच होतं. बाबांनी ताटात कधी काही टाकलं नाही, आपल्यालाही टाकू दिलं नाही. मी ते पाहिलं. मला वाटलं, विचारावं. पण लंच संपायला चार मिनिटं होती. मी ताट झाकलं, ओट्यावर ठेवलं आणि पळत बाहेर आले. हे मी इतकं खोल पुरून ठेवलं होतं, की तुला लिहिलेल्या कबुलीतसुद्धा ते आलं नाही. तिथे मी सहा ओव्हरच लिहिल्या. सहा ओव्हर कबूल करणं मला सोपं गेलं.

म्हणून बाबा म्हणाले ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित मी टीव्ही बंद केला असता. कदाचित म्हणाले असते, टी झाला की जाऊ. बाप लेकीबद्दल चांगलंच बोलणार, त्यावर काय भरवसा ठेवायचा.

तेव्हा तुझे चार तास तुझ्या एकटीचे नाहीत. त्यात मीही होते, ताट झाकून. आणि बाबा तर सगळ्यात जास्त होते. त्यांना दुखत होतं, त्यांना पाय होते, दार उघडं होतं. त्यांना आपल्या दोघींबरोबर ती मॅच बघायची होती, दुसरं काही नाही. मला त्यांचा राग येतो आणि त्यांची इतकी आठवण येते, की कोणतं कुठे संपतं ते कळत नाही.

तुझा राग मात्र गेला. कधी गेला ते सांगता येणार नाही. काल तुला आत नेताना तू स्ट्रेचरवरून मान वळवून मला शोधलंस, आणि मी भिंतीच्या आडून पुढे आले. तेव्हा बघितलं, तर नव्हता.

आता तू हललीस. डोळे उघडलेस. बोलायला तोंड उघडू नकोस, हा कागद घे, पेन्सिल घे. काय हवं ते खाली लिही. पाणी हवंय का?

ताई

(त्याच कागदावर खाली, पेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात)

पाणी नको.

ताट झाकलेलं मीही पाहिलं होतं. मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तूही गप्प आहेस.

कॅप्टनबद्दल तुझं चुकतंय. बोलता आलं की सांगते.

मला इथे एकटीला राहायचं नाही आता. सोडलं की घरी ने.